कोपच्या मागचं कॅफे: कडक चहा, स्काउस आणि पुढचा मॅनेजर कोण

लिव्हरपूलच्या क्वीन स्क्वेअरवरून 17 नंबरची बस धरली की ती वॉल्टन ब्रेक रोडवर सोडते. समोर लिव्हरपूल फुटबॉल क्लबचं अ‍ॅनफिल्ड स्टेडियम, त्यातल्या कोपची, म्हणजे एका गोलमागच्या प्रेक्षकांच्या स्टँडची, पाठ. रस्ता ओलांडून उलट्या दिशेच्या बोळात शिरलं की डाव्या हाताला हे कॅफे आहे. नाव देत नाही. मी लिहिणार म्हटल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, लिही, पण नाव घालू नकोस. मॅचच्या दिवशी नेहमीच्याच माणसांना बसवायला जागा नसते. ज्याला मनापासून यायचंय त्याने बोळात शिरावं आणि तव्यावरच्या लोण्याच्या वासामागे चालत जावं. चुकणार नाही.

मी इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, मूळची कोल्हापूरची. 2023 च्या नोव्हेंबरात आले. पहिली रात्रपाळी संपवून बाहेर पडले तेव्हा मर्सी नदीवरून येणारं वारं हाडापर्यंत जात होतं आणि मला फक्त चहा हवा होता. शहरात तोवर मिळालेला चहा म्हणजे कागदी पेल्यात गरम पाणी, त्यात लोंबणारी पिशवी आणि बाजूला दुधाचं बुटलं. वॉर्डातली एक मल्याळी सिस्टर म्हणाली, बसचे दोन पौंड गेले तरी चालतील, पण तू त्या कोपमागच्या बाईंकडे जा.

तिचं ऐकलं ते फार बरं झालं. इथला चहा विटकरी रंगाचा असतो. मोठ्या किटलीत आधीच मुरलेला, वर दूध, आणि हातात धरताना दोन्ही तळवे शेकतील एवढा जाड मग. आलं नाही, वेलदोडा नाही, पण चहाला चव आहे आणि तो पोटात गेल्यावर माणूस जागा होतो. किंमत 1 पौंड 60 पेन्स, दुसऱ्यांदा मग भरून घेतला तर 80 पेन्स. कॉफी घेऊ नका. ती बरणीतली पावडर आहे आणि मालकीणबाई स्वतःही पीत नाहीत.

खायला काय घ्यावं याचं माझं उत्तर कायम एकच: स्काउस. बटाटा, गाजर, कांदा आणि मटण किंवा बीफ मंद आचेवर तासन्‌तास शिजवून केलेला दाट रस्सा. लॉबस्काउस नावाच्या जुन्या खलाशांच्या जेवणावरून हे नाव आलं आणि पुढे या शहरातल्या माणसांनाच स्काउसर म्हणायला लागले. आपल्याकडे एखाद्या गावच्या माणसांना पिठलं म्हणावं, आणि त्यांनी ते अभिमानाने मिरवावं, तसं. सोबत पावाचा जाड तुकडा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कोबी. तांबड्या रश्शावर वाढलेल्या जिभेला पहिल्या घासात हे मिळमिळीत वाटेल. मलाही वाटलं होतं. पण कोबी तोंडी लावत खाल्लं की तिसऱ्या-चौथ्या घासाला त्याची गोडी लागते. शाकाहारी मंडळींसाठी गुरुवारी ‘ब्लाइंड स्काउस’ असतो, म्हणजे मांस न घालता केलेला. तो खरोखर वेगळ्या भांड्यात शिजतो, मी विचारून घेतलंय. अंडी, मशरूम आणि ब्रेड मात्र एकाच तव्यावर बेकनच्या शेजारी भाजतात. चालत नसेल तर आधी सांगा, त्या दुसरा तवा काढतात. वाडगाभर स्काउस साडेसहा पौंडांना. मशरूमला तेल फार सुटलेलं असतं, ते टाळलं तरी चालेल.

पण मी या जागेविषयी लिहिते आहे ते भिंतीवरच्या फळ्यामुळे.

काउंटरच्या मागे एक काळा फळा आहे. वरच्या अर्ध्या भागात खडूने आजचे पदार्थ लिहिलेले. 2024 च्या जानेवारीअखेर खालच्या अर्ध्या भागातली केकांची यादी पुसली गेली आणि तिथे माणसांची नावं आली. ती मेपर्यंत राहिली.

26 जानेवारी, शुक्रवार. मी चहा घेऊन बसले होते. कोणाचा तरी फोन वाजला, मग दुसऱ्याचा, मग सगळ्यांचेच. लिव्हरपूलचे मॅनेजर युर्गन क्लॉप हंगाम संपल्यावर क्लब सोडणार होते. करार 2026 पर्यंतचा होता, संघ लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर होता, आणि हा माणूस कॅमेऱ्यासमोर बसून सांगत होता की माझ्यातली ऊर्जा संपत आली आहे. कॅफेत इतकी शांतता झाली की तव्यावरचं तेल तडतडताना ऐकू यायला लागलं. खिडकीजवळच्या टेबलावरच्या आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ते पंच्याहत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर गोदीत काम केलेले. मला पहिल्या दिवसापासून ‘क्वीन’ म्हणतात; इथली जुनी माणसं बायकांना तशीच हाक मारतात.

आपल्याकडे मॅनेजर म्हटलं की बँकेचा डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा, कोणाला विकत घ्यायचं यातही ज्याचा शब्द चालतो तो माणूस. कोल्हापुरात आपण ज्याला वस्ताद म्हणतो, तसा. क्लॉप 2015 च्या ऑक्टोबरात आले, 2019 ला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकून दिली आणि 2020 ला 30 वर्षांनी इंग्लंडची लीग. त्या माणसाच्या जागी कोण, या प्रश्नाने शहराची झोप उडाली होती, आणि मी तर झोप नसलेली माणूस, त्यामुळे मला सगळं ऐकायला मिळालं.

चार दिवस नुसता कालवा होता. प्रत्येक टेबलावर वेगळं नाव, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. पाचव्या दिवशी मालकीणबाईंनी फळ्याचा खालचा भाग पुसला आणि नियम सांगितला: ज्याचं नाव सुचवायचं त्याच्या संघाची अख्खी मॅच, पूर्ण 90 मिनिटं, पाहिलेली पाहिजे. नुसत्या गोलांच्या क्लिपा पाहून आलेल्याचं नाव फळ्यावर चढणार नाही. पाहिलेली असेल तर उभं राहून सांगा, मी खडूने एक रेघ मारीन. एक माणूस, एक रेघ. बदलायची असेल तर कारण सांगून बदला.

एवढ्या एका नियमाने त्या वादाला शिस्त आली. मी बऱ्याच ठिकाणी लोकांना फुटबॉलवर भांडताना पाहिलंय, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमबाहेरसुद्धा; पण बोलणाऱ्याचं पुरं ऐकून घेणारी इतकी माणसं एका खोलीत मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. कॅफेला मी जे काही गुण देणार आहे त्यातले निम्मे या नियमाचे आहेत.

पहिल्या आठवड्यात अर्थातच शाबी अलोन्सोच्या नावापुढे रेघांची रांग लागली. 2004 ते 2009 लिव्हरपूलला खेळलेला, 2005 च्या इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये 0-3 वरून बरोबरी करणारा तिसरा गोल त्याचाच: पेनल्टी अडवली गेली आणि परत आलेला चेंडू त्याने जाळ्यात मारला. त्यात तो मॅनेजर असलेलं लेव्हरकुसेन त्या हंगामात जर्मनीत एकही सामना हरत नव्हतं. माझी रेघही तिथेच होती. रात्रपाळीनंतर मी लेव्हरकुसेनची रेकॉर्ड केलेली पूर्ण मॅच फोनवर पाहिली, डोळे मिटत होते तरी पाहिली, आणि फळ्यासमोर उभी राहून माझ्या इंग्रजीत सांगितलं की हा संघ 85 व्या मिनिटालाही घाबरत नाही. बोलताना माझे पाय कापत होते. बसले तेव्हा आजोबांनी टेबलावर बोटांनी दोनदा टकटक केलं. ती तिथली शाबासकी.

रुबेन अमोरिमच्या बाजूने बोलायला एक बांधकामावरचा तरुण उठायचा. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग लिस्बनला 2021 मध्ये अमोरिमने 19 वर्षांनी लीग मिळवून दिली होती. पण तो तीन सेंटर बॅक, म्हणजे मागे मधोमध तीन बचावपटू, घेऊन खेळतो, आणि तिथेच टेबलावर युद्ध पेटलं. साखरेच्या पुड्या म्हणजे खेळाडू. ब्राउन सॉसची बाटली म्हणजे व्हॅन डाइक. मिठाची डबी म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड. मागे तीन ठेवले तर ट्रेंट कुठे उभा राहणार? सालाहला कडेला ठेवायचं की आत घ्यायचं? नवे विंग बॅक, म्हणजे कडेने पुढे-मागे धावणारे, आणायला पैसे कोण देणार? अर्धा तास ती मिठाची डबी टेबलभर फिरत होती. त्या तरुणाला उत्तर सापडलं नाही, पण त्याने रेघ हलवली नाही, आणि कोणी त्याला हलव म्हणालंही नाही.

डेटाची बाजू एका विद्यापीठातल्या मुलीने मांडली. तिने सांगितलेली गोष्ट मला आधी माहीत नव्हती. क्लॉपचा आधीच्या क्लबमधला, जर्मनीतल्या डॉर्टमुंडमधला, शेवटचा हंगाम वाईट गेला होता. संघ हिवाळ्यात तळाशी होता, शेवटी सातवा आला. त्या निकालांकडे पाहून कोणीही म्हटलं असतं की हा माणूस संपला. पण लिव्हरपूलच्या आकडेवारीच्या विभागाने, ज्याचा प्रमुख भौतिकशास्त्र शिकलेला इयन ग्रॅहम होता, संघ गोलच्या संधी किती तयार करतो आणि समोरच्याला किती देतो हे मोजलं आणि सांगितलं की हा संघ चांगला खेळतोय, नशिबाने मार खातोय. म्हणून ती म्हणाली, गुणतक्ता बघू नका, खेळ बघा. आणि मग तिने एक नाव लिहायला सांगितलं जे तोवर फळ्यावर नव्हतं: आर्ने स्लॉट, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या फायेनूर्डचा कोच. एक रेघ. ती एकटी. महिनाभर ती एकटीच राहिली.

कॅफेत एव्हर्टनचे, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या, निळ्या क्लबचेही लोक येतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. या शहरात एकाच घरात भाऊ लाल असतो आणि बहीण निळी. निळी टोपी घालून येणारे एक इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांचं म्हणणं मला सगळ्यात वजनदार वाटायचं, कारण त्यांना आमच्या निवडीत काही मिळवायचं नव्हतं. ते म्हणाले, आमच्याकडे कार्लो अँचेलॉटी आले होते. त्याहून मोठं नाव कोणतं? 2021 मध्ये रेआल माद्रिदचं बोलावणं आलं आणि ते गेले. मोठ्या नावाला मोठी बोलावणी येतातच. तुम्ही आता माणूस कोणता हवा ते विचारताय. तो इथे किती दिवस राहावा असं वाटतं ते आधी विचारा.

मग आजोबा बोलले. फेब्रुवारीतली सकाळ होती, बाहेर पाऊस, आणि ते एरवी या वादात कमी बोलत.

12 जुलै 1974. ते 27 वर्षांचे होते. बिल शँक्ली यांनी अचानक राजीनामा दिला. 1959 च्या डिसेंबरात हा स्कॉटिश माणूस आला तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या श्रेणीत रुतलेलं होतं; त्याने ते उभं केलं, वर आणलं, लीग जिंकून दिली. रस्त्यावर एक टीव्हीचा वार्ताहर पोरांना बातमी सांगत होता आणि पोरं त्याला खोटं पाडत होती. आजोबा म्हणाले, गोदीत त्या दिवशी दुपारी कोणी डबा उघडला नाही. तेव्हाही पुढे कोण यावर रात्र रात्र वाद झाले, मोठमोठी नावं निघाली. आणि क्लबने कोणाला नेमलं? बॉब पेझली. 1939 पासून क्लबमध्ये असलेला, आधी खेळाडू, मग दुखापतींवर मलमपट्टी करणारा, मग शँक्लींचा सहायक. डरहॅमच्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातून आलेला, माइकसमोर अडखळणारा माणूस. त्याला स्वतःलाही ते पद नको होतं. पहिल्या वर्षी एकही मोठा चषक नाही, लीगमध्ये दुसरा क्रमांक. पुढच्या आठ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग): 1977, 1978, 1981.

आम्ही सगळे माना डोलवत होतो. आजोबांनी हात वर केला, थांबा. त्याच जुलैमध्ये लीड्स क्लबचे मॅनेजर डॉन रेव्ही इंग्लंडच्या संघाकडे गेले. लीड्सने ब्रायन क्लफला आणलं. तोही थोर मॅनेजर, डर्बीला लीग जिंकून दिलेला. पण त्याला लीड्सचे जुने खेळाडू आवडत नव्हते आणि त्यांना तो. 44 दिवसांत त्याला काढलं. 10 ऑगस्टला वेम्ब्लीवर चॅरिटी शील्ड या हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्यासाठी लिव्हरपूल आणि लीड्स एकमेकांसमोर आले तेव्हा एका रांगेपुढे निरोप घेणारे शँक्ली चालत होते आणि दुसऱ्या रांगेपुढे नवा आलेला क्लफ. आजोबा म्हणाले, मी तो दिवस कितीदा आठवून पाहिलाय. क्लफ काही पेझलीपेक्षा कमी बुद्धीचा नव्हता. फरक एवढाच की एक जण त्या घराला ओळखत होता.

आणि त्यांनी आणखी एक सांगितलं, जे मी कुठे वाचलं तरी इतकं लागलं नसतं. शँक्ली निवृत्त झाले पण त्यांना घरी बसवेना. ते मेलवूडच्या सरावाच्या मैदानावर येत राहिले. खेळाडू त्यांना अजून ‘बॉस’ म्हणत, आणि शेजारी नवे बॉस उभे. हळूहळू ते अवघड झालं आणि शँक्लींचं येणं थांबलं. ज्यांनी ते मैदान घडवलं त्यांना तिथे जागा उरली नाही. 1981 च्या सप्टेंबरात ते वारले. आजोबा म्हणाले, आम्ही सगळे भांडतो की येणारा कोण. जाणाऱ्याला नीट जाता यावं, याचा विचार त्या वेळी कोणी केला नाही. मीही केला नाही.

त्या दिवशी घरी जाऊन मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या संघात बॅकला खेळलेत. कोल्हापूरचे फुटबॉल संघ मुळात तालमींचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं कुस्तीच्या आखाड्यांची, आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असलं की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. कोच बदलायची वेळ आली की कट्ट्यावर होणारा वाद मी लहानपणापासून ऐकलाय. पुढच्या शनिवारी मी कॅफेतूनच फोन लावला आणि आजोबांसमोर धरला. मधे मी दुभाषी.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “आगं, नाव कुणाचं बी घ्या. आमच्यात जुना वस्ताद उठला की पहिल्या दिवशी सोता नव्याला घेऊन मैदानात येतो. सगळ्या पोरांदेखत नारळ त्याच्या हातात देतो. मग पोरं ऐकत्यात. त्यास्नी इचार, ह्यो त्यांचा क्लॉप नारळ देणार हाय का?”

नारळ देणं याचं इंग्रजी करताना मला घाम फुटला, कारण आपल्याकडे त्याचा दुसरा, कामावरून काढण्याचा अर्थही आहे. मी म्हटलं, तो आशीर्वाद आहे, सगळ्यांसमोर दिलेला. आजोबा बराच वेळ फोनकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, क्वीन, तुझ्या वडिलांना सांग, मॅनेजर निवडायला त्यांनाच बोलवायला हवं होतं.

पुढचं सगळं पटापट झालं. 29 मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, अलोन्सोने लेव्हरकुसेनलाच राहणार असं सांगितलं. फळ्यावरच्या सगळ्यात लांब रांगेवर मालकीणबाईंनी ओलं फडकं फिरवलं, आणि मी माझी रेघ पुसली जाताना पाहिली. 11 एप्रिलला इटलीच्या अटालांटाने लिव्हरपूलला अ‍ॅनफिल्डवर 3-0 ने हरवलं. 14 एप्रिलचा रविवार तर मी विसरणार नाही: दुपारी क्रिस्टल पॅलेसकडून घरच्या मैदानावर 0-1, आणि त्याच संध्याकाळी लेव्हरकुसेनने 5-0 जिंकून त्यांच्या इतिहासातली पहिली जर्मन लीग मिळवली. 24 एप्रिलला एव्हर्टनने त्यांच्या गुडिसन मैदानावर 2-0 ने हरवलं. दुसऱ्या दिवशी निळ्या टोपीचे इलेक्ट्रिशियन आले, कोणाला काही बोलले नाहीत, सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन गेले.

त्याच आठवड्यात स्लॉटचं नाव पक्कं होत गेलं. मी 21 एप्रिलची डच कपची फायनल पूर्ण पाहिली होती, फायेनूर्डने 1-0 ने जिंकलेली, म्हणून नियमाप्रमाणे मला उभं राहायचा हक्क होता. मी विद्यापीठातल्या त्या मुलीच्या रेघेशेजारी माझी रेघ मारायला सांगितली. कारण सांगितलं ते आकड्यांचं नव्हतं. म्हटलं, हा माणूस स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही. ज्याच्या आधी एवढा मोठा माणूस होऊन गेलाय, त्याच्या जागी असाच कोणी टिकेल. आजोबांची टकटक झाली. बांधकामवाला तरुण शेवटपर्यंत अमोरिमकडेच राहिला.

19 मे 2024. क्लॉपचा शेवटचा सामना, समोर वुल्व्हज. तिकिटं आमच्यापैकी कोणाकडे नव्हती. मालकीणबाईंनी दार उघडं ठेवलं आणि रेडिओ लावला. या कॅफेची एक गंमत सांगायची राहिलीच: गोल झाला की तो आधी बोळातून ऐकू येतो, कोपच्या भिंतीवरून उसळून, आणि काही सेकंदांनी रेडिओवर. जगात गोल असा दोनदा ऐकू येणाऱ्या जागा फार नसतील. त्या दिवशी दोन झाले. आणि सामना संपल्यावर, निरोपाच्या वेळी, मैदानाच्या मधोमध उभं राहून क्लॉप यांनी स्वतःच नव्या माणसाच्या नावाचं गाणं सुरू केलं. आर्ने स्लॉट, ना ना ना ना ना. स्टेडियमने ते उचललं. बोळात आम्हाला शब्द नीट कळले नाहीत, रेडिओने सांगितल्यावर कळले. आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, नारळ. बरोबर तोच शब्द, मराठीतला. मी तिथे रडले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

स्लॉटला पद मिळालं ते ‘मॅनेजर’चं नव्हे, ‘हेड कोच’चं. खेळाडूंची खरेदी-विक्री क्लबचे अधिकारी रिचर्ड ह्यूज पाहणार होते, त्यांच्या वर मालक कंपनीचे मायकल एडवर्ड्स. यावर पुन्हा पंधरा दिवस वाद झाला, तो मी अर्धाच ऐकला कारण माझी दिवसपाळी लागली. मला वाटतं ते बरंच झालं. एका माणसाच्या खांद्यावर सगळं टाकलं की त्याची ऊर्जा संपते, हे क्लॉप यांनीच सांगितलं होतं.

2025 च्या 27 एप्रिलला, रविवारी, लिव्हरपूलने टॉटनहॅमला 5-1 ने हरवून लीग जिंकली, चार सामने बाकी असताना. 20 वी लीग. 2020 ची जिंकली तेव्हा कोविडमुळे स्टँड रिकामे होते. भरल्या अ‍ॅनफिल्डवर लीग साजरी झाली ती 1990 नंतर त्या दिवशी. पहिला गोल टॉटनहॅमचा होता, बोळात एकदम चिडीचूप. मग पाच वेळा तो आवाज आला, दर वेळी आधी भिंतीवरून आणि मग रेडिओवर. शेवटी स्लॉट यांनी माइक हातात घेतला आणि काय केलं? क्लॉप यांच्या नावाचं गाणं म्हटलं. बाबा तेव्हा फोनवर होते, कोल्हापुरात रात्रीचे अकरा वाजत आले होते.

‘कोप’ या नावाबद्दलही लिहिते, कारण आजोबांनी ते मला विचारलं होतं आणि मला माहीत होतं याचा त्यांना आनंद झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कोप या टेकडीवर 1900 च्या जानेवारीत बोअर युद्धातली लढाई झाली, लँकेशायरचे खूप सैनिक तिथे मेले, त्यांच्या आठवणीत या स्टँडला ते नाव पडलं. त्याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास गांधी होते. चहाचा मग हातात घेऊन त्या भिंतीकडे पाहताना मला हे नेहमी आठवतं. नर्स आहे म्हणून असेल.

आता कामाचं. सोमवारी बंद. बाकीच्या दिवशी सकाळी 7 ते दुपारी 3, मॅच असेल तर सुरू होईपर्यंत. आठ टेबलं आहेत. कार्ड चालतं म्हणून पाटी आहे पण यंत्र अर्धा वेळ बंद असतं, सोबत रोख ठेवा. टॉयलेट अरुंद जिन्याने वर आहे. गुडघे दुखत असतील तर स्टेडियमचंच वापरून या. म्युझियम आणि टूर करणार असाल तर आधी टूर करा, मग इथे बसा, म्हणजे जिन्याखालची ती खेळाडूंची वाट आणि ‘धिस इज अ‍ॅनफिल्ड’ची पाटी डोळ्यांपुढे ताजी असते आणि बोलायला विषय मिळतो. लहान मुलं असतील तर खुशाल आणा, त्यांना टोस्टवर अंडं करून देतात आणि पैसे घ्यायला टाळाटाळ करतात. फळ्यावर सध्या पुन्हा केक आहेत. त्यातला लिंबाचा घ्या.

आणि खिडकीजवळचं टेबल रिकामं दिसलं तरी साडेदहापर्यंत तिथे बसू नका. ते आजोबांचं आहे.